बाराही पोस्टरमध्ये मामा

नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते. ड्रॉइंग म्हणजे चित्र नव्हे. पत्रा कुठे वाकवायचा, भोक किती मिलिमीटरचं पाडायचं हे सांगणाऱ्या रेघा. त्या कामाचा मला कंटाळा आला होता असंही नाही. पण एका रविवारी मोबाईलवर एक व्हिडिओ लागला. एक मुलगी काळ्या पाटीसारख्या टॅबवर प्लॅस्टिकच्या पेनाने रेघोट्या मारत होती आणि समोरच्या स्क्रीनवर एक जाडजूड म्हातारा हळूहळू हसायला लागला होता. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. पंधरा दिवसांनी तसली पाटी माझ्या टेबलावर होती.

त्या पाटीवर काहीच दिसत नाही. हात खाली चालतो आणि रेघ वर स्क्रीनवर उमटते. सुरुवातीला मला वाटायचं, आपण आरशात बघून सुईत दोरा ओवतोय. त्यात नोकरीची सवय. कारखान्यात आम्ही पार्ट दोन्ही बाजूंनी सारखा असला की अर्धाच काढतो आणि उरलेला अर्धा कॉम्प्युटरला उलटा करून जोडायला सांगतो. मी माणसाचंही तेच केलं. अर्धं तोंड काढलं, उलटं करून जोडलं. दोन्ही डोळे, दोन्ही गाल, दोन्ही कान अगदी मापात.

आईने पाहिलं आणि विचारलं, "हे कशाचं झाकण हाय?"

आई आणि मी सावेडीत दोन खोल्यांत राहतो. तिचं आयुष्य मिरजगावात गेलं. माझ्या नोकरीमुळे ती नगरला आली, पण बोलणं गावचंच राहिलं आणि मत विचारायची वाट पाहायची नाही हेही तसंच राहिलं.

व्हिडिओंमधले सगळे गुरुजी एकच सांगत होते. स्वतःची स्टाईल शोधा. चित्र लांबून पाहिलं तरी कळलं पाहिजे की हे तुमचंच आहे. ही स्टाईल कुठे ठेवलेली असते ते मात्र कुणी सांगत नव्हतं. मी ती हरवलेल्या किल्लीसारखी शोधायला लागले. महिनाभर मोठ्या डोळ्यांच्या मुली काढल्या. डोळे बशीएवढे, हनुवटी टोकदार, केस जांभळे, आणि नाकाच्या जागी नुसता एक ठिपका, कारण ज्यांचं पाहून मी काढत होते त्या सगळ्या तसंच काढायच्या.

आई कांदा चिरता चिरता उठून आली. स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिली.

"हिला थायरॉईड हाय का गं?"

"नाही आई, ही स्टाईल आहे."

"अन् नाक?"

"नाक असं ठिपक्याएवढंच दाखवायचं असतं."

"शिंक आली तर काय करल बिचारी?"

तिने हे मला हिणवायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच काळजी वाटली होती. पुढचे दोन दिवस त्या मुलीकडे पाहिलं की मलाच शिंक आल्यासारखं व्हायचं. शेवटी मी ती स्टाईल सोडली.

मग लांब मानांचा महिना आला. आईच्या मते ती माणसं भिंतीपलीकडे डोकावत होती. मग चेहरेच नसलेली माणसं आली. ती बघून आई फक्त "अरेरे" म्हणाली. मग मी इंटरनेटवरून तीनशे ब्रश उतरवून घेतले. पेन्सिलसारखा ब्रश, खडूसारखा ब्रश, ओल्या भिंतीसारखा ब्रश. त्यांतला कुठला निवडायचा हे ठरवण्यात दिवाळीची अख्खी सुट्टी गेली आणि एकही माणूस काढून झाला नाही. माझी चित्रं मी ऑनलाइन टाकायची. बघणारे सतरा जण होते. त्यांतली नऊ माझी मावस आणि चुलत भावंडं होती आणि एक जण मोबाईलची कव्हरं विकणारा होता. फक्त तोच दर वेळी "छान" लिहायचा आणि खाली कव्हरांचे फोटो टाकायचा.

अशात एके दिवशी कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर माझ्या टेबलापाशी आले. सरळमार्गी माणूस. जेवतानासुद्धा हेल्मेट शेजारच्या खुर्चीवर ठेवायचे, म्हणजे गरज पडली तर लगेच घालता यावं.

"मॅडम, तुम्ही कार्टून काढता म्हणे."

"थोडंफार."

"सुरक्षा सप्ताह येतोय. बारा पोस्टर पाहिजेत. काय करायचं नाही, ते दाखवायचं. आठ दिवसांत होतील?"

"बाहेरून तयार मिळतात ना सर?"

"मिळतात. दर वर्षी लावतो. त्यातला माणूस गोरा, डोळे निळे, बूट चकचकीत. आमचे लोक त्याला बघून म्हणतात, त्याला लागलं तर लागू दे, आपल्याला काय. मला आपल्यातला वाटेल असा माणूस पाहिजे."

मी हो म्हणाले आणि घाबरले. कुठली स्टाईल घ्यायची? एकीकडे कारखान्याचं रोजचं काम होतंच. पहिले दोन दिवस मी ब्रश निवडण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर सहा दिवस उरले होते आणि पोस्टर शून्य. मग मी स्टाईलचा विचार सोडला आणि हाताला येईल तसं काढत सुटले. सकाळी कामावर जायच्या आधी एक पोस्टर, संध्याकाळी आल्यावर एक. एक कामगार तेल सांडलेल्या फरशीवरून घसरतोय. एक जण पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये हात घालतोय. एक जण गॉगल न लावता ग्राइंडर चालवतोय आणि ठिणग्या त्याच्या तोंडावर. एक जण डुगडुगत्या शिडीवर. एक जण फोनवर बोलत बोलत फोर्कलिफ्टच्या पुढ्यात. सगळ्यांत मिळून एकच माणूस ठेवला, म्हणजे बघणाऱ्याला त्याची ओळख होईल. आठव्या दिवशी बारा झाली. आईने ती ओळीने पाहिली आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. नुसती म्हणाली, "लई येड्यागत वागतोय ह्यो मानूस." मला ती शाबासकी वाटली.

पोस्टर छापून आली आणि शनिवारी संध्याकाळी कारखान्यात लागली. सोमवारी सकाळी मी आत शिरले तर कॉम्प्रेसरजवळच्या पोस्टरपुढे दहा-बारा जण उभे. हसून हसून एकाने भिंतीला हात टेकला होता. मला बघून ते बाजूला झाले आणि एक जण अगदी आदराने म्हणाला, "ताई, लई हिंमत केली तुमी."

कसली हिंमत ते मला कळलं नाही. दहाच्या सुमारास कळलं.

आमच्या स्टोअरमध्ये एक मामा आहेत. हॅन्डग्लोज, गॉगल, नट-बोल्ट, कापडाच्या चिंध्या, जे लागेल ते त्यांच्याकडून चिठ्ठी देऊन घ्यायचं. वय पन्नाशीच्या पुढे, माणूस कर्जत तालुक्यातला, म्हणजे आमच्याच भागातला. ते हळूच माझ्या केबिनच्या दारात आले आणि पायांत बूट असूनही चप्पल काढल्यासारखे थबकले.

"ताई, जरा बोलायचं हुतं."

"बोला ना मामा."

"बाहेर मी तेलावरनं घसरलोय."

"लागलं का?" मी उठलेच.

"मंग माझा हात प्रेसमधी गेलाय. पलीकडं मला शॉक लागलाय. पॅकिंगपाशी माज्या टाळक्यात पेटी पडलीय. जिन्याखाली मी शिडीवरनं पडाय लागलोय, अजून पडलेलो न्हाई, पर पडनार." त्यांनी श्वास घेतला. "ताई, माजं काय चुकलं? त्या दिवशी तुमाला स्टेपलरच्या पिना दिल्या न्हाईत म्हनून?"

"मामा, तो तुम्ही नाही हो! तो असाच एक माणूस आहे."

"आसं?" मामा माझ्या स्क्रीनशेजारी जाऊन उभे राहिले. स्क्रीनवर सात नंबरचं पोस्टर उघडंच होतं. "मंग ह्यो कोन?"

मी चित्राकडे पाहिलं. मग मामांकडे. मग पुन्हा चित्राकडे. खिशात तीन पेनं, चष्म्याचं घर आणि घडी घातलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, त्यामुळे शर्टाची एक बाजू खाली ओढलेली. मान डावीकडे कललेली, कारण मामा फोन खांद्यात दाबून बोलतात आणि दोन्ही हातांनी सामान मोजतात. मिशीची उजवी बाजू जरा वर. पॅन्ट पोटाच्या वर बांधलेली. गुडघे बाहेरच्या बाजूला. मी हे सगळं काढलं होतं आणि काढताना मला एकदाही मामांची आठवण आली नव्हती. शपथेवर सांगते.

मला हसू आलं. मी ते दाबलं, तर ते नाकातून बाहेर पडलं. मामा हसले नाहीत.

"वीस वर्सं झाली मला हितं," ते म्हणाले. "साधं खरचाटलं न्हाई. सगळ्या कंपनीत मी एकटा हाय आसा."

तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. ज्या एका माणसाने वीस वर्षांत स्वतःला कुठेही लागू दिलं नाही, त्याला मी आठ दिवसांत बारा वेळा जखमी केलं होतं. मी माफी मागितली आणि सांगितलं की उद्याच्या उद्या चेहरा बदलते.

त्या दिवशी घरी आल्या आल्या कामाला लागले. आधी मिशी काढून टाकली. ते मिशी काढलेले मामा झाले. दाढी लावली. ते दाढी ठेवलेले मामा झाले. अंग बारीक केलं, तर मामा आजारातून उठल्यासारखे दिसायला लागले. केस कुरळे केले, चष्मा घातला, रंग बदलला. मामा काही केल्या जाईनात. शेवटी बाईच काढली. साडी, त्यावर कारखान्याचा ऍप्रन, डोक्यावर हेल्मेट. सकाळी सेफ्टी ऑफिसरना सगळं नेऊन दाखवलं.

त्यांनी एकेक पान नीट पाहिलं. "मॅडम, ही मामांची बहीण का?"

"नाही सर."

"आधी एकटे मामा होते. आता तुम्ही त्यांचं सगळं खानदानच कामाला लावलं."

मी माझ्या टेबलावर येऊन बसले आणि रडायच्या बेतात समोर पाहिलं. समोर काच आहे. काचेपलीकडे स्टोअरचं काउंटर. काउंटरमागे मामा फोन खांद्यात दाबून हॅन्डग्लोजच्या जोड्या मोजत होते. पाच वर्षं मी त्या खुर्चीत बसले होते. ड्रॉइंग काढता काढता डोळे दुखले की मान वर करायची आणि समोर बघायची. समोर मामा. दिवसातून चाळीस वेळा तरी. व्हिडिओंमधल्या गुरुजींकडे मी वर्षभर बघत होते, मामांकडे पाच वर्षं. हाताने काय उचलायचं ते त्याचं त्याने ठरवलं होतं.

मग मी एक खेळ केला. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनवाल्या खालांना काढलं. चहाची किटली धरून उभ्या, ओढणीचं टोक दातात. नंतर गेटवरच्या वॉचमनला काढलं. कुणीही मामा झालं नाही. पण मामा धरून तिघांनाही शेजारी ठेवलं तर एकाच घरातली वाटत होती. सगळ्यांचे खिसे, पदर, हात कशा ना कशाने भरलेले, आणि त्या वजनाने सगळी माणसं एका बाजूला झुकलेली. पाय आखूड. कुणीच सरळ उभं नाही. खालांनी स्वतःचं चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "हां, मी अशीच वाकते. कंबर दुखते ना." आणि मोबाईलवर पाठवायला सांगितलं.

वर्षभर शोधलेली स्टाईल ती हीच होती हे कळायला मला आणखी काही दिवस लागले. त्या क्षणी मला फक्त मामांचं काय करायचं हा प्रश्न होता.

तो प्रश्न कामगारांनी परस्पर सोडवला. दुसऱ्या दिवशी प्रेसवरचा एक जण हॅन्डग्लोज न घालता हात पुढे करायला लागला, तर शेजारचा ओरडला, "ए, मामा होशील!" आठवड्याभरात ते वाक्य सगळीकडे झालं. हेल्मेट विसरलं, मामा होशील. फोनवर बोलत चालला, मामा झालास की रे. सेफ्टी ऑफिसरना आनंद मावेना. ते म्हणाले, इतक्या वर्षांत माझं कुणी ऐकलं नाही, मामांचं नाव काढलं की ऐकतात.

मामा पुन्हा आले. या वेळी जरा ताठ.

"ताई, पोस्टर काढायची न्हाईत."

"का हो?"

"लोक हॅन्डग्लोज मागाय लागलेत आपनहून. पयलं हाका मारून द्यायला लागायचे." मग म्हणाले, "पर एक काम करा. मला एकदा तरी नीट दाखवा. सगळीकडं मरतोय मी. पुढल्या रविवारी घरची मंडळी येनार हायती कंपनी बघायला. बायको काय म्हनंल?"

दर वर्षी एका रविवारी कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवतात. मला पाच दिवस होते. मी तेरावं पोस्टर केलं. स्टोअरचं काउंटर, मागे खोक्यांची रास, आणि मामा काउंटरवरून हॅन्डग्लोजची जोडी पुढे करताहेत. मान कललेली, खिसा फुगलेला, मिशीखाली हसू. खाली लिहिलं, "आधी हे घाला." ते मी दारातच लावायला सांगितलं.

रविवारी मामी आल्या. हिरवी साडी, कपाळावर मोठं कुंकू, मामांपेक्षा वीतभर उंच. मामांनी त्यांना दारातून न्यायच्या ऐवजी मागच्या बाजूने आत नेलं, कारण तेरावं पोस्टर शेवटी दाखवायचं असं त्यांनी ठरवलं असावं. त्यामुळे मामींना आधी उरलेली बारा लागली. त्या प्रत्येकापुढे कमरेवर हात ठेवून थांबल्या. कारखान्यात शंभरेक माणसं होती आणि सगळी मशिनं बघायचं सोडून मामींकडे बघत होती. शिडीच्या पोस्टरपुढे त्या वळल्या.

"घरात स्टुलावर चढून बल्ब बदला म्हनलं तर पाय लटलट कापत्यात. हितं बरं ध्याडस येतंय!"

"अगं, ते चित्र हाय," मामा म्हणाले.

"कळतंय मला. काडलं कुनी?"

दहा बोटं माझ्याकडे वळली. मी कॅन्टीनच्या खालांमागे सरकले होते, पण त्या माझ्यापेक्षा बुटक्या आहेत. मामी माझ्यापाशी आल्या. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी आधीच हात जोडले.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पोट लई कमी दाखवलंया ह्यांचं."

मग मामांनी त्यांना दारापाशी नेलं. तेराव्या पोस्टरपुढे मामींनी कमरेवरचे हात खाली घेतले. जवळ गेल्या, लांब आल्या, पुन्हा जवळ गेल्या. शेवटी मला विचारलं, "ह्याची येक बारकी कापी मिळंल का? आमच्याकडं ह्यांचा हसलेला फोटूच न्हाई. लग्नातला हाय, त्यातबी दात दुखत हुता." मी सोमवारी फ्रेम करून दिली. मामांनी ती घरी नेताना खोक्यात चिंध्या भरून इतकी जपून बांधली की आम्ही परदेशात माल पाठवतानाही तेवढं पॅकिंग करत नाही.

त्यानंतर मी ऑनलाइन मोठ्या डोळ्यांच्या मुली टाकल्या नाहीत. भाजीवाल्या काढल्या, एसटीच्या थांब्यावर पिशव्या घेऊन उभी असलेली माणसं काढली, शिर्डीच्या रस्त्यावर हारांचे ढीग खांद्यावर घेऊन निघालेली फुलवाली काढली. बघणारे वाढले. फार नाही, पण "छान" लिहिणारा कव्हरवाला आता एकटा राहिला नाही. एका अनोळखी बाईंनी लिहिलं, तुमची माणसं लगेच ओळखू येतात, सगळी कशाच्या तरी ओझ्याने झुकलेली असतात पण तोंडं वाकडी करत नाहीत. ते मी चार वेळा वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "खरंय. सरळ उभं राहायला टाईम कुनाला हाय?"

गेल्या महिन्यात शेजारच्या एका कारखान्याने पोस्टर मागितली. मी सांगितलं, आधी दोन दिवस मला तुमच्या शॉपवर, म्हणजे मशिनं चालतात तिथे, नुसतं बसू द्या, माणसं बघू द्या. त्यांनी परवानगी दिली. एका कोपऱ्यात खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन मी बसले. झालं असं की मी कोण हे कामगारांना कुणी सांगितलंच नव्हतं. वही घेऊन बसलेली अनोळखी बाई म्हणजे सरकारी इन्स्पेक्टर, असा त्यांचा समज झाला. दोन्ही दिवस एकूण एक माणूस हेल्मेटमध्ये. हॅन्डग्लोज, गॉगल, बूट सगळं जागच्या जागी. कुणी फोन काढला नाही. कुणी पळालं नाही. सगळे इतके ताठ चालत होते की मला एकही झुकलेला माणूस मिळेना. दर तासाला चहा आणि क्रीमची बिस्किटं येत होती. फरशी तीनदा पुसली गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोरी वही घेऊन त्यांच्या सेफ्टीवाल्या साहेबांकडे गेले आणि खरं ते सांगितलं, की माझं काही कामच झालं नाही.

ते खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, पोस्टर राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही रोज येऊन बसता का?"